नायलॉनची पट्टी आणि पक्का रंग

वसंत व्याख्यानमालेत आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने बोलावयाचे ते बोनसवर किंवा कामगार कायद्यावर, असा एक संकेत पडून गेला आहे. यंदा आम्ही नायलॉनच्या पट्टीला रंग कसा चढतो यावर बोलणार असे कळल्यावर चिटणीसांनी विचारले, "भाऊ, यात कामगाराचे काय?" आम्ही त्यांना म्हटले, कामगाराचे यात पुष्कळ आहे, पण आधी विषय समजला पाहिजे. आम्ही कोणत्याही महाविद्यालयाचे पदवीधर नाही. हे रसायनशास्त्र आम्ही गरज पडली म्हणून, वाचून आणि विचारून शिकलो. तेव्हा सांगण्याची रीतही तशीच साधी राहील.

शाळेच्या दप्तराचे बंद, लोकलमधल्या प्रवाशाच्या छातीवरून आडवा गेलेला पिशवीचा पट्टा, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा, ढोल कमरेला बांधण्याचा पट्टा या साऱ्यांचा कच्चा माल एकच. अरुंद मागावर घट्ट विणलेली, इंच-दोन इंच रुंदीची ही पट्टी गुंडाळीने विकत मिळते. आमच्या आजीने ती पाहिली असती तर तिला नवारच म्हटले असते, आणि ते चुकीचे ठरले नसते. पलंगाची नवार सुताची, ही नायलॉनची, एवढाच फरक. मात्र या एवढ्याशा फरकाने रंगाऱ्याचे सारे गणित बदलते.

विषयाला निमित्त घडले ते असे. काही वर्षांपूर्वी कुर्ल्यातील आमच्या ओळखीच्या पाच भगिनींनी मिळून पिशव्या आणि पट्टे शिवण्याचा उद्योग सुरू केला. एका ढोल-ताशा पथकाने त्यांना साठ कमरपट्टे सांगितले, आणि रंग हवा मोरपंखी. बाजारात पट्टी मिळते ती काळी, निळी, लाल, खाकी. हव्या त्या रंगाची पट्टी कारखाना काढून देतो, पण त्याला मोठी मागणी लागते. साठ पट्ट्यांसाठी कोणी यंत्र लावत नाही. म्हणून या भगिनींनी पांढऱ्या पट्टीच्या दोन गुंडाळ्या आणल्या, कपडे रंगवण्याच्या रंगाच्या पुड्या आणल्या, आणि पुडीवर लिहिल्याप्रमाणे मीठ घालून पट्टी हंड्यात उकळली. एक गुंडाळी बरी रंगली, दुसरी फिकटच राहिली. तिला पुन्हा पुन्हा बुडवून कसेबसे जुळवले. विसर्जनाच्या दिवशी पाऊस आला. साठ वादकांच्या पांढऱ्या झब्ब्यांवर कमरेभोवती निळे-हिरवे ओघळ उतरले. पथकाने पैसे अडवले. मालाचे पैसे गेले आणि महिनाभराची मजुरीही गेली.

त्या भगिनी आमच्याकडे आल्या त्या वसुलीसाठी. "भाऊ, तुम्ही एवढ्यांची देणी मिळवून देता, आमची मिळवून द्या." आम्ही पथकाच्या चालकांना भेटलो, झब्बे पाहिले, आणि निरुत्तर होऊन परत आलो. तक्रार खरी होती. मग त्या रंगाचे झाले काय, हे शोधणे आम्हांला भाग पडले.

नायलॉन म्हणजे काय

नायलॉन हा माणसाने संपूर्णपणे रसायनांतून घडवलेला पहिला यशस्वी धागा. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९३५ साली प्रथम तयार केला. १९३८ साली कंपनीने तो जगापुढे मांडला. पण ते पाहण्यास कॅरोथर्स उरले नव्हते, १९३७ सालीच त्यांचे निधन झाले होते. याच सुमारास जर्मनीत पाउल श्लाक यांनी वेगळ्या मार्गाने तसाच धागा काढला. अमेरिकन धाग्यास नायलॉन ६६ म्हणतात, कारण त्याच्या दोन्ही घटक द्रव्यांत कार्बनचे सहा-सहा अणू असतात. जर्मन धागा एकाच द्रव्यापासून होतो, त्यात कार्बनचे सहा अणू, म्हणून तो नायलॉन ६. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतो, नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना. आणि नायलॉन ६ रंग थोडा लवकर ओढतो.

नायलॉनचे पहिले नाव झाले ते स्त्रियांच्या पायमोज्यांनी, १९४० साली. परंतु लगेच महायुद्धाने तो धागा आपल्याकडे ओढून घेतला. विमानातून उडी टाकणाऱ्याची छत्री, तिच्या दोऱ्या, सामान बांधण्याच्या पट्ट्या यांस हलके, बळकट आणि न कुजणारे सूत हवे होते. आपल्याकडे हा धागा १९६०-७० च्या दशकाच्या आरंभी होऊ लागला, आणि त्याच्या अगदी पहिल्या कारखान्यांपैकी एक आपल्याच उपनगरात, गोरेगावला होता: निरलॉन. आज त्या जागेवर संगणकाच्या कामाची कार्यालये उभी आहेत. कुर्ल्याचे नाते सुताशी त्याहून जुने. जमशेटजी टाटांनी १८८६ साली येथली धरमसी मिल विकत घेऊन तिचे नाव स्वदेशी ठेवले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. अशा गावात रंगखात्याची विद्या घरोघर असावयास हवी होती. ती होतीही, पण सुताच्या रंगाची.

धागा रंग का धरतो

रंग लागणे आणि रंग धरणे या दोन गोष्टी आहेत. चिखल कपड्याला लागतो. धुतला की जातो. रंग धरावयाचा तर रंगाचा कण धाग्याच्या आत शिरला पाहिजे आणि आत त्याला काहीतरी पकड मिळाली पाहिजे. कोणत्या धाग्यात कोणती पकड आहे, यावर कोणता रंग वापरावयाचा हे ठरते.

सुती धाग्याला पाणी प्रिय. शंभर ग्रॅम सूत हवेतलीच सुमारे आठ ग्रॅम ओल धरून ठेवते. नायलॉन धरतो चार ग्रॅम, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सुताचे रंग सुताच्या स्वभावाला धरून केलेले असतात. मीठ घातले की ते पाण्यातून सुतावर लोटले जातात. नायलॉनच्या ठिकाणी मीठ हे काम करीत नाही.

नायलॉनचा स्वभाव मिळतो तो लोकरीशी आणि रेशमाशी. नायलॉनची लांब साखळी असते, तिच्या टोकाशी अमाइन नावाचा नत्रयुक्त गट असतो. पाण्यात थोडे आम्ल घातले की या गटावर धन विद्युत्भार येतो. आणि लोकरीसाठी म्हणून जे 'आम्ल रंग' एकोणिसाव्या शतकापासून बनत आले, त्यांच्या कणांवर पाण्यात ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांस ओढतात, रंग धाग्याच्या आत जाऊन त्या टोकाशी बसतो. आम्ल रंग या नावाने घाबरण्याचे कारण नाही. रंग आम्लासारखा जाळत नाही, तो आम्ल घातलेल्या पाण्यात चढतो म्हणून हे नाव. घरगुती व्हिनेगरमध्ये असते तेच ॲसेटिक आम्ल येथे चालते.

पण लोकर आणि नायलॉन यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ माल बिघडतो. लोकरीत अशा बसण्याच्या जागा भरपूर. नायलॉनमध्ये त्याच्या सुमारे विसावा भाग. कुर्ल्याहून सकाळी नऊला सुटणाऱ्या लोकलमध्ये जशा बसण्याच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार, तशी गत होते. दोन रंग मिसळून तिसरा करावयाचा असेल आणि त्यांतला एक चपळ, दुसरा मंद असेल, तर चपळ रंग सर्व जागा पटकावतो आणि मंद रंग पाण्यातच राहतो. फिकट छटेत हे कळत नाही, कारण तेव्हा जागा पुरतात. गडद छटेत मात्र निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा हे चित्रकलेच्या वर्गातले गणित चुकते. यावर उपाय एकच: मिश्रणातले सर्व रंग एकाच जातीचे, सारख्या गतीने चढणारे घ्यावेत. विकणाऱ्यास तसे स्पष्ट विचारावे. मशीद बंदराकडील वडगादीच्या बाजारात रंगाचे जुने व्यापारी आहेत. नेमका प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते नेमके उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे.

पट्टी खरोखर नायलॉनची आहे काय?

आता त्या फिकट राहिलेल्या गुंडाळीकडे वळू. दुकानात 'नायलॉनची पट्टी' या एका नावाखाली तीन निरनिराळे धागे विकले जातात: नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. दिसण्यात सामान्य माणसाला फरक कळत नाही. रंगाच्या हंड्यात मात्र तिघांचे तीन मार्ग. आम्ल रंगाला पॉलिएस्टर दाद देत नाही. त्याला वेगळे, पाण्यात न विरघळणारे रंग आणि उकळत्या पाण्याहून अधिक उष्णता लागते. पॉलिप्रॉपिलीनला तर घरच्या हंड्यात रंग चढतच नाही. त्याचा रंग धागा काढतानाच वितळलेल्या द्रव्यात मिसळावा लागतो.

ओळखण्याच्या दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली पाण्याची. पट्टीचा तुकडा घेऊन त्याचे धागे मोकळे करावे, साबणाच्या पाण्यात चुरून आतली हवा काढावी आणि पाण्यात सोडावे. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते तरंगते. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. दुसरी ज्योतीची. चिमट्यात धागा धरून, खिडकी उघडी ठेवून, लहान ज्योतीजवळ न्यावा. पॉलिएस्टर काळा, काजळीचा धूर सोडते. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. नायलॉन आक्रसून वितळतो, धूर फारसा काळा नसतो आणि टोकाला कठीण मणी बनतो. वितळलेला थेंब कातडीवर पडला तर खोल भाजतो, म्हणून हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

खात्रीची कसोटी मात्र तिसरी आहे. गुंडाळीतून वीतभर पट्टी कापावी आणि ज्या रंगात माल रंगवावयाचा त्याच रंगात आधी ती रंगवून पाहावी. आमच्या भगिनींची दुसरी गुंडाळी पॉलिएस्टरची निघाली. वीतभर पट्टीची परीक्षा आधी झाली असती, तर अर्धा माल वाचला असता.

हंड्यातील कृती

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ती पाकक्रियेप्रमाणे क्रमाने करावयाची आहे, आणि क्रम मोडला की पदार्थ बिघडतो.

प्रथम वजन. रंगाचे प्रमाण पाण्यावर ठरत नाही, कोरड्या मालाच्या वजनावर ठरते. समजा एक किलो पट्टी आहे. एक टक्का छटा म्हणजे दहा ग्रॅम रंग. फिकट रंगाला अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पुरतो. काळ्याला तीन-चार टक्के लागतात. पाणी मालाच्या वीस ते तीस पट, म्हणजे येथे सुमारे पंचवीस लिटर. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाने छटा मळते. आणि एकदा रंगाला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

दुसरे, धुणे. नवीन पट्टी स्वच्छ दिसली तरी तिच्यावर कताईचे आणि विणाईचे तेल असते. तेलाच्या जागी रंग डाग धरतो. थोडा धुण्याचा साबण आणि किंचित धुण्याचा सोडा घालून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे पट्टी हलवावी आणि चांगली विसळावी. क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. ते नायलॉनला कमजोर करते. पट्टी गुंडाळीसकट बुडवू नये. तिच्या सैल लडी कराव्यात आणि दोऱ्याने ढिल्या बांधाव्यात. घट्ट गाठ जेथे असेल तेथे पांढरा पट्टा राहतो.

तिसरे, रंग. भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवून मग कडकडीत पाण्यात विरघळवावी आणि फडक्यातून गाळून घ्यावी. न विरघळलेला एक कण पट्टीवर ठिपक्याच्या रूपाने कायमचा बसतो.

चौथे, उष्णता आणि आम्ल. येथे घाई केली की सर्व फुकट. पाणी चाळीस अंशांच्या आसपास असताना पट्टी सोडावी. मग ते मिनिटाला एक अंश, फार तर दीड, या गतीने उकळीपर्यंत न्यावे. म्हणजे सुमारे तासभर. पन्नास-साठ अंशांपासून ऐंशीपर्यंतचा टप्पा सर्वांत नाजूक. या वेळी धागा मोकळा होऊ लागतो आणि रंग झपाट्याने ओढतो. वरचा भाग अधिक तापला, तळाचा कमी, किंवा पट्टी हलवली नाही, तर चट्टे पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. आम्लाचेही तसेच. आरंभीच आम्ल फार झाले तर रंग एकदम झेप घेतो आणि वरच्या थरावरच बसतो. फिकट छटांसाठी आरंभी आम्लाऐवजी अमोनियम सल्फेट घालतात. ते उकळीबरोबर हळूहळू आम्ल सोडते. शेवटी थोडे ॲसेटिक आम्ल पाण्यात पातळ करून घालावे. तीव्र आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधी ओतू नये. आणि ते ओतताना लडी बाजूला सारून ठेवावी. आम्लता किती आहे हे पाहण्याची कागदी पट्टी मिळते. तिच्यावर पाच ते सहा अंक दिसावा, गडद छटेला चार-साडेचार चालेल. गंधकाम्लासारखी खनिज आम्ले या कामात आणू नयेत. तीव्र खनिज आम्लाने नायलॉनच तुटू लागतो.

उकळीला पट्टी पाऊण तास ते तासभर ठेवावी. पट्टी ही साडीसारखी पातळ वस्तू नव्हे. घट्ट वीण आणि जाड अंग, त्यामुळे रंगाला गाभ्यापर्यंत पोचण्यास वेळ लागतो. लवकर काढलेल्या पट्टीचे टोक कापून पाहावे: कडेला रंग, आत पांढरा गाभा. अशी पट्टी बकलात घासली की महिनाभरात पांढरी दिसू लागते. काम नीट झाल्याची खूण हंड्यातच असते. पाणी जवळजवळ नितळ झाले, म्हणजे रंग धाग्यात गेला. पाणी अजून गडद असेल तर पैसे पाण्यात आहेत.

उकळीत पट्टी थोडी आक्रसते. म्हणून आधी रंगवावी, मग कापावी. मापाने कापून रंगवलेले पट्टे आखूड पडतात. तयार पट्टा रंगवू नये हेही त्यातच आले, कारण शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि तो पांढराच राहतो.

छटा जुळवणे आणि रंग पक्का करणे

गिऱ्हाईक एक चिंधी देते आणि म्हणते, अगदी असा रंग हवा. त्यासाठी दहा-दहा ग्रॅम पट्टीचे चार-पाच नमुने आधी रंगवावेत. दहा ग्रॅमला एक टक्का म्हणजे एक दशांश ग्रॅम रंग, आणि तो घरच्या तराजूवर मोजता येत नाही. युक्ती अशी: एक ग्रॅम रंग विरघळवून शंभर मिलिलिटर पाणी करावे. त्यातले दहा मिलिलिटर म्हणजे बरोबर एक दशांश ग्रॅम. निळ्याचे इतके, पिवळ्याचे इतके असे प्रत्येक नमुन्याचे माप वहीत लिहावे आणि शेजारी वाळलेला तुकडा टाचून ठेवावा. ओली पट्टी गडद दिसते; ओलीवर निर्णय देऊ नये. शिवाय दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात, कारण प्रत्येक प्रकाशात रंगांचे मिश्रण सारखे नसते. नमुना दिवसा, दारात उभे राहून पाहावा, आणि गिऱ्हाइकालाही तेथेच दाखवावा.

आता पक्केपणा. आम्ल रंगांतही प्रकार आहेत. लहान कणांचे रंग सारखे पसरतात, पण धुण्यात लवकर सुटतात. मोठ्या कणांचे आणि धातुयुक्त रंग चढवण्यास कठीण, पण घामापाण्यात आणि उन्हात टिकतात. ढोलाच्या पट्ट्याला घामही आहे आणि पाऊसही. तेथे दुसऱ्या प्रकारचाच रंग हवा. रंगवल्यावर पट्टी कोमट आणि मग गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत विसळावी. त्यानंतर पक्केपणासाठी एक शेवटचा हात देतात. कृत्रिम टॅनिन जातीचे द्रव्य थोड्या आम्लाबरोबर सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात घालून पट्टी वीस मिनिटे ठेवतात. ते धाग्याच्या वरच्या थरात बसते आणि आतल्या रंगाची वाट अडवते. आपल्या जुन्या रंगाऱ्यांनी सुताला हिरड्याचे पाणी दिले ते टॅनिनसाठीच. पण तेथे ते रंगाच्या आधी देत, धाग्याने रंग धरावा म्हणून. येथे तेच कुळ रंगानंतर येते, रंग निघू नये म्हणून.

परीक्षा घरीच घ्यावी. ओले पांढरे सुती फडके पट्टीवर वीस वेळा घासावे. मग तेच फडके ओल्या पट्टीवर रात्रभर दाबून ठेवावे. सकाळी फडके पांढरे असेल तर माल द्यावा.

जी पट्टी रंगवू नये

येथे आम्हांला थोडे कठोर बोलावे लागेल. मागे एका ठेकेदाराने आमच्या भगिनींना विचारले की, उंचावर काम करणाऱ्या मजुरांचे सुरक्षा पट्टे कंपनीच्या रंगात रंगवून द्याल काय? मजुरी चांगली होती. त्या भगिनींनी आमचा सल्ला घेतला आणि आम्ही नको म्हटले.

ज्या पट्टीवर माणसाचा जीव टांगलेला आहे ती कारखान्याने ज्या रूपात दिली त्याच रूपात वापरावी. अशा पट्ट्यांसाठी भारतीय मानक ३५२१ आहे. पट्टीचा धागा, शिलाई, कड्या या सर्वांची परीक्षा होऊन त्यावर शिक्का पडतो. उकळीने पट्टी आक्रसते, शिलाईचा ताण बदलतो, आम्ल किती लागले आणि किती उरले हे डोळ्यांना दिसत नाही. रंगवलेली पट्टी पूर्वीइतकीच बळकट असेलही. पण ती तशी आहे हे सिद्ध करण्याचे साधन आपल्याजवळ नाही, आणि निर्मात्याची जबाबदारी त्या क्षणी संपते. पुढे काही घडले तर दोष मजुरावर आणि रंगवणाऱ्या बाईवर यावयाचा. गिर्यारोहकांचे दोर-पट्टे, मोटारीतले पट्टे, ओझे उचलण्याचे पट्टे यांनाही हाच नियम. उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होतो हेही येथे सांगून ठेवतो: विटलेली सुरक्षा पट्टी म्हणजे उन्हात पुष्कळ दिवस राहिलेली पट्टी. तिच्यावर नवा रंग चढवणे म्हणजे धोक्याची खूण पुसून टाकणे होय.

हात आणि नदी

चिटणीसांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आता देतो. आमचे वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. रविवारी जेवायला बसले तरी त्यांची नखे निळी असत, आणि आम्हां मुलांस त्यात काही वावगे वाटत नसे. रंगाच्या धंद्याचा रोगाशी असलेला संबंध मात्र फार जुना. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयातील गाठींकडे वैद्यकांचे लक्ष वेधले. पुढे त्यामागची काही अमाइन द्रव्ये ओळखली गेली. बेन्झिडीन हे त्यांतले कुप्रसिद्ध नाव. अशी द्रव्ये सोडणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली, आणि त्याच दशकात आपल्या सरकारनेही बेन्झिडीनजन्य व अन्य काही रंगांवर बंदी आणली. म्हणजे पहिल्या इशाऱ्यापासून बंदीपर्यंत शंभर वर्षे गेली. म्हणून सुटी, बिननावाची, स्वस्त पुडी घेऊ नये. डब्यावर रंगाचे नाव आणि कारखान्याचे नाव असावे. भुकटी मोजताना नाकावर पट्टी, हातांत रबरी मोजे, पंखा बंद आणि खिडकी उघडी. त्या खोलीत जेवण नाही, चहा नाही, लहान मूल नाही.

हे नियम कोणी येऊन पाहील, या आशेवर राहू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची रेघ आखली होती; २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. पाच बायकांचा हंडा दोन्ही रेघांच्या बाहेर आहे. मोठ्या गिरणीतल्या कामगाराला निदान युनियन होती, दवाखाना होता. आज तेच काम खोल्याखोल्यांत वाटले गेले आहे आणि धोकाही त्याबरोबर वाटला गेला आहे. आमच्या मते या लहान कामांची संघटना व्हावयास हवी, आणि तिचा आरंभ माहिती वाटून घेण्यानेच होऊ शकतो.

उरलेल्या पाण्याचेही असेच. विहार आणि पवईच्या तलावांकडून येणारी मिठी नदी कुर्ल्याच्या अंगावरून माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिने आपण गटार नसून नदी आहो हे सर्वांना दाखवले. धातुयुक्त रंगांत क्रोमियम असू शकते. ते पाणी नाल्यात ओतले की शेवटी नदीत जाते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे धंद्याचे असे पाणी सोडण्यास मंडळाची संमती लागते. त्या भगिनींनी जवळच्या एका परवानाधारक रंगशाळेशी बोलून आपले पाणी पिंपात साठवून तिकडे नेण्याची व्यवस्था केली. आणि पिंप भरते किती, हे हंड्यावर अवलंबून असते: सावकाश तापवलेला, नितळ झालेला हंडा पुढच्या खेपेला त्याच रंगासाठी पुन्हा वापरता येतो. रंग वाचतो, गॅस वाचतो, पाणी वाचते.

शेवटी त्या साठ पट्ट्यांचे काय झाले ते सांगतो. भगिनींनी आपला दोष कबूल केला आणि नव्या नायलॉन पट्टीवर, योग्य रंगाने, माल पुन्हा करून देण्याची तयारी दाखवली. पथकाच्या मुलांनीही समजूतदारपणे निम्मे पैसे आगाऊ दिले. मोरपंखी छटा जुळण्यास सात नमुने लागले. पुढल्या वर्षी पाऊस पुन्हा आला, आणि झब्बे पांढरे राहिले.

त्यानंतर त्यांच्या बिलात एक बदल झाला. पूर्वी बिलात दोनच ओळी असत: पट्टीची किंमत आणि शिवणावळ. रंगाचे काम पदरचे, फुकटचे. आता तिसरी ओळ आहे: रंगणावळ, नमुन्यांच्या वेळेसह. एक गिऱ्हाईक त्यावरून आमच्यासमोरच हुज्जत घालू लागले. तेव्हा त्यांतल्या थोरल्या बाईंनी वही काढून सात तुकडे आणि त्यांची मापे त्यांच्यापुढे ठेवली. गिऱ्हाइकाने तुकडे दारात उन्हात नेऊन पाहिले आणि पैसे दिले.